आत्याचा रेडिओ, अकरा कॅसेटी आणि बुधवारचे आठ : कामाच्या नोंदी

व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा, जुना रेडिओ आणि जुन्या कॅसेटी ज्यांच्या घरात पडून आहेत आणि ज्यांना त्या परत बोलत्या करायच्या आहेत, त्यांच्यासाठी या नोंदी. मी या धंद्यातला नाही. सोल्डरिंग शाळेत शिकलो होतो, तेवढंच. चुका जशा झाल्या तशा लिहिल्या आहेत. त्यातल्या दोन टाळता आल्या असत्या, तर एक महिना वाचला असता आणि एक कॅसेटही.

२१ फेब्रुवारी २०२४, बुधवार

सकाळी सातलाच साताऱ्याहून आत्याचा फोन. "अमीन सयानी गेले रे काल." मग बराच वेळ ती काहीच बोलली नाही. ते ९१ वर्षांचे होते, मुंबईतच जन्मले आणि मुंबईतच गेले. आत्या ऐंशीची. दर बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनवर लागणारी सयानींची हिंदी सिनेगीतांची गीतमाला सुरू झाली ३ डिसेंबर १९५२ ला, तेव्हा ती आठ वर्षांची होती.

फोन ठेवता ठेवता म्हणाली, "आज बुधवार आहे. माळ्यावरचा रेडिओ चालू होईल का रे?"

आज होणार नाही, पण करून देतो, असं सांगितलं. काम तिथून सुरू झालं.

२४ फेब्रुवारी, शनिवार

साताऱ्याला आलो. रेडिओ माळ्यावरून उतरवायला शेजारच्या मुलाची मदत घेतली. लाकडी पेटी, वजन चौदा-पंधरा किलो, पुढचा पितळी बिल्ला केव्हाच गळून पडलेला. पाठीमागचा पुठ्ठा कुरतडलेला, आत उंदराचं घरटं. व्हॉल्व्ह मात्र सगळे जागेवर होते : ईसीएच ८१, ईएफ ८९, ईबीसी ८१, ईएल ८४, ईझेड ८० आणि स्टेशन नीट लागलं का ते दाखवणारा तो हिरवा डोळा.

रेडिओबरोबर एक पत्र्याचा बिस्किटांचा डबा खाली आला. त्यात काकांच्या अकरा कॅसेटी आणि आत्याच्या सात वह्या.

वह्यांबद्दल आधी लिहितो, कारण संध्याकाळ त्यातच गेली. दर बुधवारी कोणतं गाणं कितव्या पायदानावर होतं याची नोंद आहे. शाई बदलते, अक्षर बदलतं, मधे लग्नाचं वर्ष कोरं जातं आणि मग नोंद परत सुरू होते. 'नंबर' हा शब्द एकाही पानावर नाही. सगळीकडे 'पायदान', आणि मानाच्या गाण्याला 'सरताज'. हे दोन्ही शब्द सयानींचे. साताऱ्याच्या सदाशिव पेठेतल्या मुलीनं ते आपल्या वहीत मराठी शब्दांसारखे वापरले आहेत.

आत्या सांगते, तिला हिंदी आलं ते या माणसाकडून. घरात कोणी हिंदी बोलत नव्हतं. पुढे राष्ट्रभाषेच्या परीक्षा देऊन ती हिंदीची शिक्षिका झाली. "त्यांचं बोलणं कळायचंच. एक शब्द अडला तर पुढच्या वाक्यात त्याचा अर्थ लागायचा. वर्गात मी तसंच शिकवायचे." यामागचं कारण मला ठाऊक होतं, ते मी तिला सांगितलं. सयानींच्या आई कुलसुम सयानी गांधीजींच्या सांगण्यावरून 'रहबर' नावाचं पाक्षिक चालवत. नुकतंच लिहा-वाचायला शिकलेल्यांसाठी, सोप्या हिंदुस्थानीत, नागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत. मुलगा लहानपणापासून त्या कामात हाताखाली होता. आत्याला हे माहीत नव्हतं. ऐकून म्हणाली, "म्हणजे मी त्यांच्या आईच्याच शाळेत शिकले."

२५ फेब्रुवारी, रविवार

पहिली मोठी चूक. तीस-पस्तीस वर्षं बंद असलेला रेडिओ झटकून, पुसून थेट प्लगमध्ये लावला. डायलचा दिवा लागला, आत्यानं टाळी वाजवली. अर्ध्या मिनिटात जाड गुणगुण सुरू झाली, मग जळका वास, मग 'फट'. प्लग ओढला तोवर खोलीत धूर झाला होता.

फिल्टर कंडेन्सरचा डबा खालून फुटला आणि जाताना रेक्टिफायर व्हॉल्व्हही, म्हणजे ईझेड ८०, घेऊन गेला. ट्रान्सफॉर्मर वाचला, तो जळला असता तर काम तिथंच संपलं असतं.

करायचं होतं ते असं : साध्या तारेचा ६० वॅटचा बल्ब रेडिओच्या वायरीत सिरीजमध्ये घालायचा आणि मग वीज द्यायची. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि रेडिओला इजा होत नाही. एलईडी बल्ब चालत नाही. हा सिरीज बोर्ड नंतर मी बनवला, खर्च ९० रुपये.

२ मार्च, शनिवार

राजवाड्याजवळ पूर्वी रेडिओ दुरुस्तीचं दुकान असलेल्या मेस्त्रींना शोधून काढलं. दुकान कधीच बंद झालंय. हात थरथरतात म्हणून सोल्डरिंग करत नाहीत, पण रिक्षातून घरी आले, खुर्ची टाकून बसले आणि मला सांगत गेले. पैसे घेतले नाहीत, आत्याच्या हातच्या साबुदाण्याच्या खिचडीवर खूश झाले.

त्यांनी सांगितलेलं जसंच्या तसं :

चॅसीला, म्हणजे आतल्या पत्र्याच्या सांगाड्याला, हात लावण्याआधी प्लग काढून कंडेन्सर रिकामा कर, रेझिस्टन्स लावून, स्क्रू ड्रायव्हरनं ठिणगी पाडून नव्हे. एका वेळी एकच भाग बदल, बदलला की तपास. सगळे एकदम बदललेस आणि रेडिओ बोलला नाही, तर चूक कुठे शोधणार? आणि काही सोडवण्याआधी फोटो काढ.

चौथी गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली. काही रेडिओत मेन ट्रान्सफॉर्मर नसतो, तिथे चॅसीलाच घरातली वीज असते. तसल्या सेटला बाहेरून मोबाईल वगैरे काही जोडायचं नाही, जीव जाईल. आमच्या रेडिओत ट्रान्सफॉर्मर आहे, हे मीटर लावून खात्री करून घेतलं.

जाता जाता म्हणाले, बुधवारी आठला ते दुकानातला सगळ्यात मोठा सेट दाराकडे तोंड करून लावायचे. रस्त्यात सायकली उभ्या राहायच्या. एकदा ऐन कार्यक्रमात दुरुस्तीला आलेल्या गिऱ्हाइकाच्या सेटवरच सिलोन लावलं, आणि तो गिऱ्हाईक स्वतःचा रेडिओ ऐकायला गर्दीत उभा राहिला.

६ मार्च, बुधवार

सुट्टी टाकून पुण्यात खरेदी. सकाळी जुना बाजार, तो बुधवारी आणि रविवारीच भरतो. एक कॅसेट डेक मिळाला, २,२०० रुपये. चाकं फिरत नव्हती, पण हेड झिजलेला नव्हता, म्हणून घेतला. दुपारी तपकीर गल्ली. पॉलिस्टरचे ६३० व्होल्टचे कंडेन्सर चौदा नग, ४५० व्होल्टचे दोन मोठे कंडेन्सर, रेझिस्टन्स, तार : एकूण ३८५ रुपये. ईझेड ८० गल्लीत नव्हता. एका दुकानदारानं मुंबईत लॅमिंग्टन रोडला फोन लावून दिला, वापरलेला पण तपासलेला, कुरिअरसह ७०० रुपये.

१६ आणि १७ मार्च

मेणात बुडवलेले जुने कागदी कंडेन्सर एकेक करून काढले. मीटरवर जवळपास सगळेच गळके निघाले.

यातला एक कंडेन्सर सगळ्यांत आधी बदला. आउटपुट व्हॉल्व्हच्या, म्हणजे ईएल ८४ च्या ग्रिडला आवाज नेणारा. तो गळका असला की ग्रिडवर नको तो व्होल्टेज येतो, व्हॉल्व्ह लालबुंद तापतो आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाळतो. तपासायची रीत : ईएल ८४ काढून ठेवायचा, वीज द्यायची, ग्रिडच्या पिनवर मीटर धरायचा. शून्य यायला हवा. आमचा १४ व्होल्ट आला. नवा घातल्यावर शून्य.

रविवारी दुपारी सिरीज बल्ब लावून वीज दिली. बल्ब क्षणभर पेटला आणि मंद झाला. चाळीस सेकंदांनी स्पीकरमधून आधी गुणगुण, मग मध्यम लहरींवर मराठी बोलणं. आत्या स्वयंपाकघरातून हात न पुसताच आली.

पण गुणगुण जाईना, बोलण्याइतकीच मोठी. नवे कंडेन्सर घालूनही का, हे कळेना. दोन शनिवार-रविवार यात गेले. वायरी हलवल्या, व्हॉल्व्ह बदलून पाहिला, काही नाही. शेवटी पहिल्या दिवशीचे फोटो मोठे करून पाहिले. जुन्या फिल्टर कंडेन्सरची ऋण बाजू थेट चॅसीला नव्हती, मधे एक छोटा रेझिस्टन्स होता. मी ती सरळ चॅसीला जोडली होती. सोडवून परत जशी होती तशी केली, गुणगुण गेली. काम दहा मिनिटांचं, ते सापडायला चार दिवस.

३० मार्च, शनिवार

आजची चूक दुरुस्त होणारी नाही.

डायलच्या काचेवर तेलकट थर होता. मी ती काढून स्पिरिटच्या बोळ्यानं पुसली. थर निघाला, त्याबरोबर २५ मीटरपासून ३१ मीटरपर्यंतची सगळी अक्षरंही निघाली. ही अक्षरं काचेच्या आतल्या बाजूनं छापलेली असतात आणि इतक्या वर्षांनी नुसती धुळीसारखी चिकटून राहिलेली असतात. ती बाजू ओल्या फडक्यानंही पुसायची नाही. कोरड्या मऊ ब्रशनं धूळ उडवायची आणि थांबायचं.

अक्षरांपेक्षा वाईट म्हणजे काचेवर नखाच्या रंगाचा एक लाल ठिपका होता, तोही गेला. तो आत्यानं पंधराव्या वर्षी लावला होता. शॉर्टवेव्हवर सिलोन केसभर हललं तरी हातचं जायचं, म्हणून काटा कुठे आणायचा याची ती खूण.

आज ज्यांना बोटाच्या टोकावर सगळी गाणी मिळतात त्यांना हे सांगावं लागतं, की १९५२ च्या सुमाराला माहिती आणि नभोवाणी मंत्री बा. वि. केसकर यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळपास नाहीशी झाली होती. विविध भारती आली ३ ऑक्टोबर १९५७ ला. मधली पाच वर्षं गाणी ऐकायची तर समुद्रापलीकडचं कोलंबो. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा, टेप विमानानं कोलंबोला जायची आणि तिथून लहरींवरून आमच्या माजघरात यायची. आवाज मोठा व्हायचा, विरायचा, परत यायचा. त्या विरण्यात पायदान चुकू नये म्हणून काटा अचूक हवा, म्हणून तो ठिपका.

आत्याला सांगितलं तेव्हा ती रागावली नाही. काच परत बसवून होईपर्यंत बाजूला बसली. डायलची दोरी तुटलेली होती, मी मासेमारीची नायलॉन दोरी ओवली होती आणि ती घसरत होती. मेणलावला जाड दोरा ओवला, तेव्हा काटा नीट सरकला. मग तिनं बटण हातात घेतलं, डोळे मिटले, फिरवत नेलं, किंचित मागे आणलं आणि म्हणाली, "इथे." तिथे नवा ठिपका लावला. तो बरोबर आहे की नाही, हे मी तपासलेलं नाही.

७ एप्रिल, रविवार

कॅसेटींना हात घातला.

काका कुवेतला होते. १९७६ मध्ये सुट्टीवर येताना त्यांनी एक सपाट कॅसेट रेकॉर्डर आणला. त्याला रेडिओ नव्हता. म्हणून ते मोठ्या रेडिओच्या स्पीकरसमोर पाटावर माइक ठेवायचे. ते परत गेल्यावर आत्या माहेरी आली की ती करायची. तोवर सिलोनच्या केंद्राचं अधिकृत नाव बदललं होतं, आमच्या घरात ते सिलोनच राहिलं.

कॅसेटी तेव्हा महाग. त्यामुळे काकांचा नियम असा, की गाणं सुरू झालं की पॉज दाबायचा आणि गाणं संपलं की सोडायचा. गाण्यांच्या तबकड्या मिळतात, हा माणूस बाजारात मिळत नाही, असं ते म्हणत. म्हणून या अकरा कॅसेटींत गाणी नाहीतच. प्रत्येक गाण्याचे पहिले दोन-तीन सेकंद, मग खट्, मग परत अमीन सयानी. तासाभराचा कार्यक्रम पंधरा-सतरा मिनिटांत मावतो आणि साठ मिनिटांच्या एका कॅसेटीत तीन-चार बुधवार बसतात.

अवस्था : चार कॅसेटींवर पांढरी बुरशी, तिघांतली स्पंजची गादी गळून पडलेली, एकीचं कवच चिरलेलं. डेकचे रबरी पट्टे डांबरासारखे वितळलेले. पट्टे १५० रुपये, आयसोप्रोपिल अल्कोहोल १८० रुपये, नव्या कोऱ्या स्क्रूच्या दोन कॅसेटी सुट्या भागांसाठी.

गादी नसलेली टेप हेडला नीट चिकटत नाही, आवाज भिंतीपलीकडून आल्यासारखा येतो. कवच उघडून टेप दुसऱ्या कवचात बसवली. बुरशीची टेप आधी हातानं, पेन्सिल घालून, कोरड्या मऊ कापडातून पूर्ण फिरवली. तोंडाला मास्क बांधा. मी पहिल्या दिवशी बांधला नाही आणि तीन दिवस खोकलो.

९ एप्रिल, मंगळवार, पाडवा

गुढी उतरवल्यावर पहिली कॅसेट लावली. आवाज घोगरा, वरचे स्वर नाहीत. हेडच्या बाजूचा छोटा स्क्रू वाजत्या कॅसेटवर पाव-पाव फिरवत गेलो. एका जागी आल्यावर 'स' आणि 'श' एकदम टोकदार झाले आणि समोरून ऐकू आलं : "बहनों और भाइयों..."

हा स्क्रू प्रत्येक कॅसेटला वेगळा जुळवावा लागतो. हे मला तिसऱ्या कॅसेटीला कळलं, म्हणून पहिल्या दोन पुन्हा वाजवून जुळवल्या.

आत्या म्हणाली, "बघ, बहनों आधी. तेव्हा सभेत, शाळेत, सगळीकडे आधी बंधू आणि मग भगिनी. हा पहिला माणूस, ज्यानं आधी आम्हाला हाक मारली."

२० एप्रिल, शनिवार

सगळ्या अकरा लॅपटॉपवर उतरल्या. ऑडॅसिटी हे ध्वनिसंपादनाचं सॉफ्टवेअर वापरलं. टेपचा फुसफुसाट काढला, गेट लावला म्हणजे बोलण्याच्या मधल्या जागा अगदी शांत, गाण्यांचे तुकडे कापून टाकले, खटके काढले. आवाज स्टुडिओतल्यासारखा स्वच्छ झाला. जागा वाचवण्यासाठी मूळ फाइली पुसून स्वच्छ केलेल्या ठेवल्या. या नोंदींतली सगळ्यात मोठी चूक हीच.

२७ एप्रिल, शनिवार

आत्याला हेडफोन लावून ऐकवलं. ती पाच मिनिटं ऐकत राहिली. मग हेडफोन काढून विचारलं, "दादा कुठे गेले?"

दादा म्हणजे माझे आजोबा, घरात सगळेच त्यांना दादा म्हणत. कोर्टात कारकून होते. सिनेमाच्या गाण्यांना थिल्लर म्हणायचे. बुधवारी आठला केसरी घेऊन त्याच खोलीत बसायचे, कारण दिवा तिथे चांगला आहे. आत्या म्हणाली, सयानी "बहनों और भाइयों" म्हणाले की दादा पेपरातून मान वर न काढता म्हणायचे, "बोला." दर बुधवारी. "माइक पाटावर होता ना. ते सगळं आलेलं आहे त्यात. आई गेल्यावर मी हेच लावून ऐकायचे."

दादा १९८१ ला गेले. त्यांच्या आवाजाचं दुसरं ध्वनिमुद्रण घरात नाही.

मी लॅपटॉप उघडून पाहिलं. सयानींचा आवाज माइकजवळ, मोठा. दादांचा खोलीच्या कोपऱ्यातून, बारीक आणि नेमका त्यांच्या थांबण्यात. मी लावलेल्या गेटनं त्याच जागा बंद केल्या होत्या. मूळ फाइल पुसलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या कॅसेटी पुन्हा उतरवायला घेतल्या.

११ मे, शनिवार

दुसऱ्या फेरीला दोन आठवडे गेले. रोज ऑफिसनंतर एक कॅसेट, दोन्ही बाजू. जुन्या टेपनं दुसऱ्यांदा फिरणं सगळीकडे सोसलं नाही. सात नंबरची कॅसेट ब बाजूला, अठराव्या मिनिटाला तुटली. तुटलेली टोकं तिरकी कापून जोडपट्टीनं चिकटवली, साध्या सेलोटेपनं नव्हे, त्याचा डिंक पसरतो. पण तुटताना सुमारे हातभर टेप चुरगळली होती. तिथला जवळपास दहा सेकंदांचा मजकूर गेला. पहिल्या वेळी तो माझ्याकडे पूर्ण उतरला होता.

या वेळी काहीही काढलं नाही. फुसफुसाट आहे, शॉर्टवेव्हचं विरणं आहे, खटके आहेत. मूळ फाइली दोन हार्ड डिस्कवर आणि एक प्रत चुलत बहिणीकडे नाशिकला.

आणि खोली आहे. तिसऱ्या कॅसेटीत आजी कुणाला तरी "दार लोटून घे" म्हणते. पाचवीत भांडं पडतं. दादांचं "बोला" मी मोजलं, एकोणतीस वेळा आहे. आठव्या कॅसेटीत एका ठिकाणी सयानी पायदान सांगतात, त्याच वेळी भांड्याला भांडं लागतं, आणि दादा विचारतात, "कितवी म्हणाला?"

सयानींना हे कळलं असतं तर आवडलं असतं, असं मला मनापासून वाटतं. पहिल्या कार्यक्रमानंतर चाळीस-पन्नास पत्रं येतील असं त्यांना वाटलं होतं, आली नऊ हजार. ती सगळी वाचायचं काम त्यांच्याचकडे, आठवड्याला २५ रुपयांत. म्हणजे पलीकडे माणसं बसली आहेत हे त्यांना पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं, त्यांची अक्षरं त्यांनी पाहिली होती. ते वाक्य बोलून जी जागा सोडायचे, ती त्यांच्यासाठीच असणार. या टेपा ऐकून मला एवढं नक्की कळलं, की आमच्या घरात ती जागा भरत होती.

१८ मे, शनिवार

आता आवाज रेडिओतून काढायचा. लहान ट्रान्समीटर बनवण्याचा विचार होता, तो सोडला. गरज नाही. जुन्या बऱ्याच रेडिओंना मागे तबकडी जोडण्यासाठी दोन भोकं असतात, 'ग्रामोफोन' किंवा 'पिकअप' लिहिलेली. बटण त्या खुणेवर फिरवलं की बाहेरचा आवाज थेट रेडिओच्या ॲम्प्लिफायरमध्ये जातो. मोबाईलचे डावा-उजवा दोन्ही आवाज एक-एक हजार ओहमच्या रेझिस्टन्समधून एकत्र केले आणि तिथे घातले.

पहिल्यांदा साधी वायर वापरली, भयानक गुणगुण. जाळीची, म्हणजे शिल्डेड वायर घातली आणि जाळी चॅसीला जोडली, गेली. मोबाईल चार्जरला लावलेला असला की परत येते, म्हणून चार्जर काढायचा. मोबाईलचा आवाज अर्ध्यावर ठेवून उरलेला रेडिओच्या बटणानं वाढवायचा, नाहीतर फाटतो. आणि मेस्त्रींची चौथी गोष्ट परत एकदा : ट्रान्सफॉर्मर नसलेल्या सेटला हे करू नका.

आत्तापर्यंतचा खर्च : डेक २,२००, पट्टे आणि अल्कोहोल ३३०, व्हॉल्व्ह ७००, कंडेन्सर वगैरे ३८५, सिरीज बोर्ड ९०, कोऱ्या कॅसेटी, जोडपट्टी, वायर मिळून ४६०. एकूण ४,१६५ रुपये. पुणे-सातारा एसटीचे पैसे धरलेले नाहीत.

२२ मे, बुधवार

अर्धा दिवस रजा घेऊन स्वारगेटहून दुपारची गाडी धरली. मेस्त्रींना बोलावलं होतं, ते साडेसातलाच येऊन बसले. आत्यानं जेवणं सव्वासातला उरकली होती. "बुधवारी तशीच उरकायची असतात," म्हणाली. १९७८ ची वही काढून ठेवली होती, चष्मा पुसला होता.

आठला पाच मिनिटं कमी असताना बटण फिरवलं. व्हॉल्व्ह तापायला वेळ लागतो हे ती विसरली नव्हती. डायल उजळली, मग हिरवा डोळा. लाल ठिपका उजेडात दिसत होता. आठ वाजता मी मोबाईलवर दुसरी कॅसेट लावली.

"बहनों और भाइयों..."

कोपऱ्यातून, त्याच पेटीतून : "बोला."

आत्यानं पदर तोंडाला लावला. मेस्त्री खाली बघत राहिले. मीही काही बोललो नाही.

पहिलं पायदान सांगून झालं, गाण्याची सुरावट सुरू झाली आणि खट्, काकांचा पॉज. पुढचं वाक्य सुरू होणार तोच आत्या म्हणाली, "थांबव, थांबव." मी मोबाईल थांबवला. तिनं वहीतल्या ओळीवर बोट ठेवलं आणि ते गाणं म्हटलं. मुखडा, दोन्ही कडवी, मधली सुरावट ओठांनी. ऐंशीचा आवाज, श्वास पुरत नव्हता, पण शब्द एकही अडला नाही. संपल्यावर मला खूण केली, मी सोडलं. पुढचं पायदान. परत खट्, परत मी थांबवलं, परत ती गायली. चौथ्या गाण्याला मेस्त्रीही धरू लागले.

मधे एका ठिकाणी सयानी अकरावं पायदान म्हणाले आणि वहीत त्या गाण्यासमोर बारा होतं. आत्यानं मला परत लावायला सांगितलं, दोनदा ऐकलं, आणि पेन्सिलनं बारावर रेघ मारून अकरा केलं.

सतरा मिनिटांची टेप संपायला नऊ वाजून चार मिनिटं झाली. रेडिओ बंद केला, मागून हात लावून पाहिला. ट्रान्सफॉर्मर कोमट, ठीक. ईएल ८४ नेहमीसारखा गरम. पाठीचा नवा पुठ्ठा अजून बसवायचा आहे, भोकं पाडून, हवा खेळेल असा.

पुढच्या बुधवारी दुसऱ्या कॅसेटीची ब बाजू. आत्यानं सांगितलंय, येताना तिच्यासाठी शार्पनर आण.